पत्त्यांची वही : लहान धंदा आणि ई-मेल

आपल्या समाजातील तरुण केवळ नोकरीच्या जाहिरातींकडे डोळे लावून न बसता स्वतःचा धंदा उभा करू लागला आहे, ही समाधानाची बाब आहे. शहागडसारख्या गोदाकाठच्या, महामार्गावरील गावात शिलाईकाम, छपाई, वेल्डिंग, मंडप, मोबाईल दुरुस्ती, फळांची विक्री अशी कामे आपले बंधू-भगिनी करीत आहेत. भांडवल थोडे असते. बँकेचा किंवा बचत गटाचा हप्ता दर महिन्याला दारात उभा असतो. अशा वेळी धंदा सुरू करण्यापेक्षा तो टिकवणे अधिक कठीण असते, हे धंदा करणारा प्रत्येक जण जाणतो.

धंदा का टिकत नाही, याची कारणे आपण नेहमी बाहेर शोधतो. जागा बरी नाही, माल महाग पडतो, उधारी बुडते. ही कारणे खरी आहेतच. परंतु एका कारणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे आलेले गिऱ्हाईक कोण होते, कोठले होते आणि त्याला पुन्हा निरोप कोठे द्यायचा, हे आपल्याला माहीतच नसते. उधारी नेणाऱ्याचे नाव आपण वहीत नीट लिहितो. रोख पैसे देऊन आनंदाने गेलेल्या माणसाचे नाव मात्र कोठेही नसते. म्हणजे बुडवणाऱ्याची नोंद आहे आणि देणाऱ्याची नाही! शहागडावरून एका बाजूला छत्रपती संभाजीनगर आणि दुसऱ्या बाजूला बीड, सोलापूरकडे रात्रंदिवस गाड्या जातात. रस्ता चौपदरी झाला तशा गाड्या अधिकच वेगाने जाऊ लागल्या. त्यांतले जे थोडे लोक थांबतात, माल घेतात व वाखाणतात, ते पुढच्या वळणावर आपल्याला कायमचे अंतरतात.

हे तुटणारे नाते जोडून ठेवण्याचे एक स्वस्त साधन म्हणजे ई-मेल. त्याची माहिती सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

पोस्टकार्डाची पुढची पायरी

गिऱ्हाइकाला पत्र पाठवून धंदा वाढवणे ही काही संगणकाच्या युगाची देणगी नाही. आपल्या देशात पोस्टाने व्ही.पी.ची सोय १८७७ साली केली आणि १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. या दोन गोष्टींमुळे मोठ्या शहरातील दुकानदार खेड्यातील माणसाला माल विकू शकला. कार्डाने मागणी यावी, व्ही.पी.ने माल जावा आणि पोस्टमनच्या हाती पैसे यावेत, असा तो व्यवहार होता. पुस्तके, औषधे, बियाणे, घड्याळे अशा कितीतरी वस्तू या मार्गाने गावोगाव पोहोचल्या.

ई-मेल हे त्याच पोस्टकार्डाचे नवे रूप आहे. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र पाठवले आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये आज सर्वांना परिचित असलेले 'ॲट'चे चिन्ह घातले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया या भारतीय तरुणाने जॅक स्मिथ या सहकाऱ्याबरोबर 'हॉटमेल' ही फुकट ई-मेल सेवा अमेरिकेत सुरू केली. या सेवेवरून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, तुम्हीही आमच्याकडे फुकट खाते उघडा, अशा अर्थाची एक ओळ आपोआप जोडलेली असे. पत्र लिहिणारा आपल्या कामाचे लिहीत होता, परंतु त्याचे पत्र हॉटमेलचा निरोपही घेऊन जात होते. थोड्याच काळात लाखो लोक त्या सेवेला जोडले गेले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती विकत घेतली.

यातून आपल्याला आजच घेता येण्याजोगा एक धडा आहे. आपण कोणालाही ई-मेल पाठवतो तेव्हा खाली आपले नाव, धंद्याचे नाव, काय काम करतो, गाव आणि फोन एवढे दोन ओळींत आपोआप उमटेल अशी सोय प्रत्येक ई-मेल खात्यात असते. तिला पैसे पडत नाहीत. तरीही बहुतेकांची पत्रे नुसत्या नावाने संपतात.

किर्लोस्करांची 'खबर'

पत्राने गिऱ्हाईक कसे जोडावे, याचे मराठी मातीतले सर्वांत चांगले उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. माल चांगला असूनही घेणारा कचरत होता. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या उजाड माळावर त्यांनी कारखाना नेला. तेथे ना बाजारपेठ, ना मोठे शहर. गिऱ्हाईक म्हणजे चहूकडे विखुरलेला शेतकरी.

अशा परिस्थितीत १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे छोटे पत्रक काढले. कारखान्यात काय बनते, ते कसे वापरावे, शेतीला त्याचा काय उपयोग, अशी माहिती त्यात असे. मात्र 'आमचा माल घ्या' एवढेच तुणतुणे त्यांनी वाजवले नाही. वाचणाऱ्याला रस वाटेल, उपयोग होईल असा मजकूर त्यात वाढत गेला. परिणाम असा झाला की कारखान्याच्या माहितीसाठी निघालेल्या या पत्रकाचे पुढे 'किर्लोस्कर' हे मराठीतील एक प्रमुख मासिक झाले आणि १९३० साली त्याच संस्थेतून 'स्त्री' मासिक निघाले. नांगर घेणाराही ते वाचू लागला आणि कधीही नांगर न घेणाराही वाचू लागला.

शहागडच्या तरुणाने यातून काय घ्यावे? किर्लोस्करांकडे कारखाना होता, छापखाना होता आणि आमच्याकडे काय आहे, असे कोणी म्हणेल. उत्तर असे की छापखाना, कागद आणि पोस्टाची तिकिटे यांचा जो खर्च त्यांना करावा लागला, तो आज जवळजवळ शून्यावर आला आहे. मात्र दोन गोष्टी तेव्हाही विकत मिळत नव्हत्या आणि आजही मिळत नाहीत. एक, पत्ते. दुसरी, वाचण्याजोगा मजकूर. ई-मेलचा सगळा धंदा या दोन गोष्टींवर उभा आहे.

वही आपली स्वतःची हवी

येथे एक रास्त शंका येईल. आज प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. फेसबुक आहे, व्हॉट्सॲपचे गट आहेत, तेथे जाहिरात टाकली म्हणजे झाले. ई-मेलची यातायात कशाला? शंका चुकीची नाही. या साधनांचा उपयोग जरूर करावा. परंतु दुसऱ्याच्या अंगणात मांडलेले दुकान दुसऱ्याच्या मर्जीने चालते, हे विसरू नये.

हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. ज्याचा कागद त्याची मर्जी! स्वतःचे वर्गणीदार, स्वतःची यादी आणि स्वतःचा छापखाना यांचे मोल बाबासाहेबांनी ओळखले होते. आपल्या काळातला दाखला घ्यायचा तर २९ जून २०२० रोजी सरकारने 'टिकटॉक'वर बंदी घातली. त्यावर लाखो लोकांना आपली कला किंवा माल दाखवणारे कितीतरी तरुण होते. बंदी योग्य होती की अयोग्य, हा आपला येथे विषय नाही. परंतु ज्यांनी आपल्या चाहत्यांचे पत्ते वेगळे लिहून ठेवले नव्हते, त्यांना त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट एका रात्रीत बंद झाली.

ई-मेलच्या पत्त्यांची वही मात्र आपली असते. आज एका कंपनीची सेवा वापरली, उद्या ती महाग झाली, तर तीच वही घेऊन दुसरीकडे जाता येते. म्हणून ही वही म्हणजे धंद्याचे भांडवलच आहे, असे आम्ही म्हणतो. ताळेबंदात ती दिसत नाही, एवढेच.

कोणाला उपयोग, कोणाला नाही

कोणतेही साधन सर्व रोगांवर औषध नसते. गावातील किराणा दुकानदाराचे गिऱ्हाईक रोज समोरून जाते. त्याला ई-मेल पाठवणे हास्यास्पद ठरेल. पंचक्रोशीतील गिऱ्हाइकाला तोंडी निरोप किंवा मोबाईलवरचा संदेशच बरा. ई-मेलचा खरा उपयोग दूरच्या, काही काळाने परत लागणाऱ्या आणि लेखी व्यवहार करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे. आपल्या भागातील काही उदाहरणे पाहू.

मोसंबी : जालना जिल्ह्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मृग बहाराची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि आंबिया बहाराची फळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. म्हणजे बागवानाला वर्षातून दोनदा सांगण्याजोगी बातमी असते. आपल्या भागातून पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबांचे पत्ते त्याच्याजवळ असतील, तर व्यापाऱ्याच्या जोडीला थेट मागणीही येऊ शकते. मात्र मानांकनाचे चिन्ह पेटीवर लावायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

गणवेश शिवणारे : शाळा जूनमध्ये उघडतात, परंतु गणवेशाचा निर्णय त्याआधीच होतो. परिसरातील शाळांचे ई-मेल पत्ते असतील आणि कापडाचा नमुना, दर व मुदत यांचे पत्र वेळेवर गेले, तर विचार तरी होतो. जून उजाडल्यावर जाऊन उपयोग नसतो.

पुस्तक विक्रेते : नागपूरला दीक्षाभूमीवर आणि दादरला चैत्यभूमीवर दरवर्षी पुस्तकांची दुकाने लागतात. विक्री उत्तम होते. परंतु ती दोन-चार दिवसांची. पुस्तक घेणारा वाचक वर्षभर वाचतच असतो. त्याचा पत्ता त्या गर्दीत लिहून घेतला, तर नवे पुस्तक आल्यावर त्याला कळवता येते आणि दोन-चार दिवसांच्या दुकानाचे बारमाही दुकान होते.

छपाई, मंडप, भोजनव्यवस्था : संस्था, पतपेढ्या, महाविद्यालये यांचे कार्यक्रम दरवर्षी ठरलेल्या तारखांना असतात. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी आठवण करून देणारा पहिला माणूस लक्षात राहतो.

वही कशी भरावी

दुकानात एक साधी वही ठेवावी. तीत सहा रकाने आखावेत : नाव, गाव, ई-मेलचा पत्ता, काय घेतले, तारीख आणि 'पत्र पाठवू का?' या प्रश्नाचे उत्तर. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. गिऱ्हाइकाला स्पष्ट विचारावे, 'नवीन माल आला की महिन्यातून एखादे पत्र पाठवले तर चालेल का?' 'हो' म्हटले तरच पत्ता यादीत घ्यावा. 'नको' म्हणणाऱ्याला हसतमुखाने निरोप द्यावा.

ई-मेलच्या पत्त्यात एक अक्षर चुकले तरी पत्र पोहोचत नाही. म्हणून लिहून झाल्यावर पत्ता अक्षर अक्षर वाचून दाखवावा. त्याच संध्याकाळी आभाराचे दोन ओळींचे पत्र पाठवावे. पत्ता चुकीचा असेल तर पत्र परत येते आणि चूक लगेच कळते. शिवाय गिऱ्हाइकाला आपली ओळख ताजी असते. सहा महिन्यांनी प्रथमच पत्र गेले, तर 'हा कोण बुवा?' असे त्याला वाटणारच.

बाजारात हजारो पत्त्यांच्या तयार याद्या विकत मिळतात. त्या घेण्याच्या मोहात कोणीही पडू नये. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० अनोळखी लोकांना एकदम जाहिरातीचे पत्र पाठवले. नको असलेल्या ई-मेलचा तो पहिला नमुना समजला जातो. लोक संतापले, तक्रारी झाल्या. आज परिस्थिती त्याहून कडक आहे. पत्र घेणाऱ्याने 'ही कटकट आहे' असे बटण दाबले की त्याची नोंद ई-मेल कंपनीकडे होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने नियम केला आहे की अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारीही जास्तच. हे प्रमाण ओलांडले की आपली पत्रे, अगदी कामाचीसुद्धा, कचऱ्याच्या कप्प्यात जाऊ लागतात. विकत घेतलेल्या दहा हजार अनोळखी पत्त्यांपेक्षा संमतीने मिळालेले शंभर पत्ते म्हणूनच अधिक मोलाचे आहेत.

पत्र कसे लिहावे

पत्राचे शीर्षक हे दुकानाच्या पाटीसारखे असते. ते वाचूनच माणूस पत्र उघडतो किंवा सोडून देतो. 'भव्य सवलत! त्वरा करा!' अशा शीर्षकाने अलीकडे कोणी हुरळत नाही. त्यापेक्षा 'मोसंबीची तोड सोमवारपासून' हे साधे शीर्षक बरे, कारण त्यात बातमी आहे.

एका पत्रात एकच विषय असावा. मजकूर मोबाईलच्या पडद्यावर वाचला जाईल, म्हणून वाक्ये लहान असावीत. चित्र एखादेच आणि हलके असावे. गिऱ्हाइकाने पुढे काय करायचे, हे स्पष्ट लिहावे. मराठी गिऱ्हाइकाला मराठीतच लिहावे. देवनागरीत युनिकोडने लिहिलेला मजकूर आज कोणत्याही मोबाईलवर नीट दिसतो. नमुन्यादाखल एका काल्पनिक बागवानाचे पत्र देत आहोत :

'सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी आपण आमच्याकडून मोसंबीची एक पेटी घेतली होती. यंदाची तोड सोमवारपासून सुरू होत आहे. पाऊस उशिरा झाल्याने फळ आकाराने थोडे लहान आहे, पण रस भरपूर आहे. पेटी दहा किलोची असून दर खाली दिला आहे. हवी असल्यास या पत्राला फक्त "एक पेटी" एवढे उत्तर द्यावे. गाडी शुक्रवारी पुण्याला येईल. फळे फ्रिजमध्ये न ठेवता परडीत मोकळी ठेवली तरी आठवडाभर चांगली राहतात. ही पत्रे नको असल्यास "नको" एवढे कळवावे, आम्ही नाव कमी करू. आपला नम्र.'

या पत्रातील एक गोष्ट विद्यार्थ्यांनी पाहावी. फळ लहान आहे, हे बागवानाने स्वतःच सांगितले आहे. पेटी उघडल्यावर ते दिसणारच होते. आधी सांगितल्याने विश्वास राहिला. फळे कशी ठेवावीत, ही माहिती पेटी न घेणाऱ्यालाही उपयोगी आहे. 'खबर'चे तत्त्व ते हेच. चार पत्रांपैकी तीन पत्रांत तरी वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काही असावे, मग चौथ्या पत्रातील मागणी त्याला जड वाटत नाही.

पाठवताना घ्यावयाची काळजी

पहिली काळजी खात्याची. धंद्यासाठी वेगळे ई-मेल खाते असावे आणि त्याचा पासवर्ड दुकानातील पोराकडे नव्हे, तर मालकाकडे असावा. कित्येकांचे खाते कोणा सेवा केंद्रवाल्याने उघडून दिलेले असते आणि पासवर्डही त्याच्याकडेच राहतो. हे आपल्या दुकानाची किल्ली शेजाऱ्याकडे कायमची ठेवण्यासारखे आहे.

दुसरी काळजी पत्त्यांच्या गुप्ततेची. पुष्कळ जण 'प्रति' या रकान्यात सर्व गिऱ्हाइकांचे पत्ते एकदम टाकतात. त्यामुळे प्रत्येकाला बाकी सर्वांचे पत्ते दिसतात. 'बीसीसी' नावाच्या रकान्यात पत्ते टाकले तर ते एकमेकांना दिसत नाहीत. पन्नास-साठ पत्त्यांपर्यंत एवढे पुरते.

तिसरी गोष्ट संख्येची. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला सुमारे ५०० जणांच्या पलीकडे पत्रे पाठवता येत नाहीत. यादी वाढली की अनेक पत्रे पाठवणाऱ्या खास सेवा घ्याव्या लागतात. त्यांपैकी काही लहान यादीसाठी फुकट असतात. त्या वेळी धंद्याच्या स्वतःच्या नावाचा इंटरनेट पत्ता विकत घ्यावा. त्याबरोबर 'एसपीएफ', 'डीकेआयएम' आणि 'डीमार्क' अशा तीन नोंदी कराव्या लागतात. नावे अवघड असली तरी अर्थ सोपा आहे. पहिली नोंद सांगते की आमच्या नावाने पत्र टाकण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे. दुसरी नोंद म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर. पत्र वाटेत बदलले नाही, हे तिच्यावरून कळते. तिसरी नोंद सांगते की या दोन खुणा नसलेले पत्र आमच्या नावाने आले तर त्याचे काय करावे. संगणकाचा अभ्यास करणारा आपला कोणताही विद्यार्थी एका दुपारी हे काम करून देऊ शकेल.

हिशेब ठेवावा

पत्र पाठवले म्हणजे काम संपले नाही. किती जणांनी पत्र उघडले, याचे आकडे या सेवा दाखवतात, परंतु त्यांवर फार विसंबू नये. २०२१ पासून ॲपल कंपनीच्या मेलमध्ये अशी सोय आली आहे की माणसाने पत्र उघडले नसले तरी ते उघडल्यासारखे दिसू शकते. आपला हिशेब साधा असावा : उत्तरे किती आली, मागणी किती आली, पैसे किती आले.

समजा, १२० पत्ते आहेत. पत्र गेले, नऊ उत्तरे आली आणि सहा पेट्या गेल्या. आकडा लहान वाटेल. परंतु या सहा पेट्यांसाठी दुकानभाडे नाही, दलाली नाही आणि जाहिरातीचा खर्च नाही. शिवाय ती सहा घरे पुढल्या बहारालाही यादीत आहेतच. दर आठवड्याला चार नवे पत्ते मिळाले तरी वर्षाला दोनशेच्या वर होतात. थेंबे थेंबे तळे साचते, ते असे. मात्र तळे साचायला वेळ लागतो. पहिल्या दोन पत्रांनंतर निराश होऊन वही फडताळात टाकणारेच अधिक असतात.

कायदा आणि सावधगिरी

गिऱ्हाइकाचा पत्ता ही त्याची ठेव आहे. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याच्या आहेत. कायद्याचा गाभा असा की माहिती ज्या कारणासाठी घेतली, त्याच कारणासाठी वापरावी. संमती स्पष्ट असावी. आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. म्हणून आपल्या गिऱ्हाइकांची यादी मित्राला, निवडणुकीच्या उमेदवाराला किंवा विमा विकणाऱ्या नातेवाइकाला देऊ नये. मागणारा कितीही जवळचा असो, नम्रपणे नाही म्हणावे.

दुसरा धोका फसवणुकीचा. 'आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यात भरा' असे ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने पत्र येते आणि पैसे भलत्याच खात्यात जातात. असे पत्र आल्यास पैसे भरण्यापूर्वी त्या व्यापाऱ्याला त्याच्या जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारावे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

येणारी पत्रेही वाचावीत

आतापर्यंत पत्र पाठवण्याविषयी लिहिले. परंतु येणारे पत्र न वाचल्यानेही नुकसान होते. केंद्र सरकारची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. हे धोरण २०१२ पासून लागू आहे. त्या खरेदीत ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून घेण्याचे उद्दिष्ट आहे. सरकारी खरेदीसाठी 'जेम' हा ऑनलाइन बाजार २०१६ साली सुरू झाला. सूक्ष्म व लघु उद्योगांची 'उद्यम' नोंदणी जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती निःशुल्क आहे. या व्यवहारांतील सूचना ई-मेलवर येतात. मुदत ठरलेली असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. हक्क कागदावर असतो, संधी ई-मेलच्या पेटीत पडून असते आणि पेटी महिनोन्‌महिने उघडलेली नसते, अशी आपली अवस्था होऊ नये. सकाळी दुकान उघडल्यावर झाडलोट झाली की पाच मिनिटे ई-मेल पाहण्याची सवय लावावी.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

ज्यांचे वय झाले, ज्यांचे हात सुई-दोऱ्यात, वेल्डिंगच्या ठिणग्यांत किंवा बागेच्या आळ्यांत गुंतलेले आहेत, त्यांना हे सर्व स्वतः करणे जमेलच असे नाही. येथे विद्यार्थ्यांचे काम सुरू होते. आठवड्यातून दोन तास वडिलांच्या, काकांच्या किंवा शेजारच्या ताईंच्या धंद्यासाठी द्यावेत. वहीतील पत्ते संगणकावर उतरवावेत, मराठीत पत्र लिहावे, ते वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे आणि आलेली उत्तरे सांगावीत. यातून शुद्ध लिहिण्याचा सराव होतो, हिशेब कळतो आणि धंद्याची भाषा कानावर पडते. दहा धंद्यांचे असे काम नीट करणारा विद्यार्थी पुढे त्याचाच व्यवसाय करू शकतो.

सारांश, ई-मेल ही जादूची कांडी नव्हे. माल खराब असेल तर उत्तम पत्रही तो एकदाच विकते. परंतु माल चांगला, वागणूक सचोटीची आणि गाव आडबाजूचे, अशा माणसाला या साधनाने दूरचे दार उघडते. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. लागते ती एक वही, एक पेन आणि 'पत्र पाठवू का?' असे विचारण्याचे सौजन्य. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्यांचे स्वतःचे दुकान वा धंदा आहे, त्यांनी उद्या सकाळी पहिल्या गिऱ्हाइकापासून ही वही सुरू करावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.